माघारीची तारीख

परवा व्हिडिओ कॉलवर मृणालने विचारलं, "आजी, व्हाय इज देअर अ लेडी इन द ग्रास?" आणि तिने फोन खिडकीला लावला. तुमच्या शेजाऱ्यांच्या अंगणात मेपलची तांबडी-पिवळी पानं पडली होती आणि त्यांच्या मधोमध, दोन तारांवर उभी केलेली एक पाटी होती. पाटीवर चष्मा लावलेली एक हसरी बाई. तुमच्या गावात महापालिकेची निवडणूक आली आहे, असं तुमची आई मागून म्हणाली. ईशानला ती पाटी हॅलोवीनची वाटली होती. तसं पाहिलं तर फार चुकलं नाही त्याचं.

फोन ठेवला तरी ती गवतातली बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तुमच्याकडे पानं गळत होती आणि इथे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, माझ्या खिडकीबाहेर कोवायचं झाड फुलांनी पिवळं झालं होतं. तुई पक्षी उलटा लटकून त्यातला मध पीत होता. हा पक्षी गातो कमी, खाकरतो जास्त, एखाद्या म्हाताऱ्या गवयासारखा. आमचा वसंत असाच येतो. सकाळी ऊन, दहाला पाऊस, अकराला पुन्हा ऊन, आणि दुपारी असा वारा की दोरीवरचे कपडे शेजाऱ्यांच्या लिंबावर जाऊन बसतात. गेल्या वर्षीच्या वसंतात या वाऱ्याने आणखी एक उद्योग केला होता. त्याने गावभरच्या कुंपणांवर लावलेल्या उमेदवारांच्या पाट्या रात्रंदिवस वाजत ठेवल्या होत्या. त्या आवाजाची मला अजून आठवण येते. तेव्हाची ही गोष्ट. तुम्ही ती स्वतः वाचणार नाही हे मला माहीत आहे. आई वाचून दाखवेल, तुम्ही मध्येमध्ये इंग्रजीत प्रश्न विचाराल. जरूर विचारा.

आमचं गाव पुकेकोहे आणि टाकानिनीच्या मध्ये कुठेतरी बसतं. एका बाजूला कांद्या-बटाट्याची लाल मातीची शेतं, दुसऱ्या बाजूला टेकडीवर नवी घरं, सगळी एकाच राखाडी रंगाची. मी राहते ते तुमच्या अजितमामाचं घर त्यातलंच एक. टेकडीवरून शाळेकडे जो रस्ता उतरतो, त्याला निम्म्यापर्यंत छान फूटपाथ आहे आणि मग, एका जुन्या शेताचं कुंपण लागतं तिथे, तो एकदम संपतो. पुढे नुसतं गवत आणि पावसाच्या पाण्याचा चर. मुलं सकाळी त्या चरातून शाळेत जातात. काही अनवाणीच जातात, बूट हातात धरून. इथल्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. त्यांच्या शेजारून मोठे ट्रक जातात तेव्हा आपल्याला वाटतं.

सुवर्णाला ते रोज दिसायचं. सुवर्णा जगताप मूळची कराडची. शिकायला आली, राहिली, आणि आता ती आमच्या गावातली बस चालवते. सकाळी सात बावन्नला तिची बस त्याच कोपऱ्यावर थांबते. दोन वर्षं तिने पत्रं लिहिली, ईमेल केल्या, आणि मग हिवाळ्यात एक दिवस लोकल बोर्डाच्या निवडणुकीचा अर्जच भरून टाकला. लोकल बोर्ड म्हणजे गावातल्या बागा, सभागृहं, फूटपाथ अशी घराजवळची कामं बघणारं मंडळ. सुवर्णाला निवडून यायचं होतं ते त्या उरलेल्या फूटपाथसाठी. तिची दुसरी कुठलीही महत्त्वाकांक्षा नव्हती.

अर्ज भरायची मुदत शुक्रवारी दुपारी संपली. शुक्रवारी संध्याकाळी कळलं की शेवटच्या तासात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष नाडकर्णी यांनीही अर्ज भरला आहे. नाडकर्णी मुंबईचे निवृत्त इंजिनिअर. माणूस सज्जन, पण माइक हातात आला की सोडवत नाही.

आता मुलांनो, मराठी मंडळाची एक रीत तुम्हाला समजावून सांगते. आमच्या मंडळात एकदाही मतदान झालेलं नाही. अध्यक्ष कोण, चिटणीस कोण, हे सगळं आधी फोनवर ठरतं. दोघांना एकच पद हवं असेल तर कुणीतरी वडीलधारं माणूस जाऊन एकाची समजूत घालतं, तो मागे होतो, त्याला पुढच्या गणपतीत आरतीचा पहिला मान मिळतो, आणि वार्षिक सभेत "बिनविरोध" हा शब्द टाळ्यांच्या गजरात उच्चारला जातो. आम्हाला त्याचा फार अभिमान. एकमेकांविरुद्ध उभं राहणं म्हणजे आमच्याकडे भांडण.

त्यामुळे रविवारी अजितमामाच्या दिवाणखान्यात कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली. स्नेहामामीने कोथिंबीरवड्या केल्या होत्या. बाहेर गारा पडत होत्या.

"आपल्याच दोघांत मतं फुटणार," कुणीतरी म्हणालं. "दोघंही पडणार, आणि गावात हसं."

"माघारीची तारीख कधी आहे?" नाडकर्णींनी विचारलं.

ती कुणालाच माहीत नव्हती. पण असणार, याबद्दल एकालाही शंका नव्हती. निवडणूक म्हटली की अर्ज, छाननी, माघार. आपल्याकडे तर खरी निवडणूक माघारीच्या दिवशीच होते. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मी चिटणीस, वयाने मोठी, आणि सुवर्णा मला मानते.

"सबनीसबाई, तुम्हीच बोला तिच्याशी," नाडकर्णी म्हणाले. "तरुण आहे, पुढे संधी मिळेल. शिवाय बोर्डावर जरा अनुभवी माणूस शोभतो."

मी वडी तोंडात टाकली आणि मान हलवली. ती मान हलवलेली मला अजून आठवते.

सुवर्णा गॅरेजमध्ये होती. प्लायवुडच्या फळीवर स्वतःचा फोटो चिकटवून तिला लाकडी पाय ठोकत होती. तोंडात दोन खिळे. मला पाहून तिने डोळ्यांनीच हसून खूण केली. मी फळी धरली. म्हणजे बघा, एका हाताने तिची पाटी धरून मी तिला उभं राहू नकोस म्हणून सांगायला आले होते.

"सुवर्णा, मंडळाचं म्हणणं आहे..."

तिने खिळे काढले. "मंडळाचं म्हणजे नाडकर्णी काकांचं?"

"सगळ्यांचं गं. मतं फुटतील. दोघंही पडाल."

"मग काकांना सांगा की मागं व्हायला."

"ते ज्येष्ठ आहेत. तुझं अजून वय आहे."

तिने हातोडी खाली ठेवली. "मंडळाचं ऱ्हाऊ दे, काकू. तुम्हाला काय वाटतं?"

मी तिच्या डोळ्यांत न बघता म्हणाले, "मला वाटतं, तू समजूतदार आहेस."

सुवर्णा काहीतरी बोलणार होती. मग नुसतं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर वाऱ्याने शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर गडगडत नेला.

"बरं," ती म्हणाली. "घेते मागं."

दुसऱ्या दिवशी तिने निवडणूक कार्यालयात फोन केला आणि संध्याकाळी आम्हाला सांगितलं. पलीकडची बाई फार गोड होती म्हणे. "सॉरी डिअर," ती म्हणाली, "मुदत संपायच्या आधी आला असतात तर जमलं असतं. आता तुम्ही निवडणुकीत आहात."

"असं कसं?" नाडकर्णी फोनवर ओरडले. "छाननी, माघार, मग चिन्हवाटप! हा क्रमच असतो!"

"चिन्हं पण नसतात काका," सुवर्णा म्हणाली. "नाव राहील आता माझं कागदावर. पण मी कुठं जाणार नाही, कुणाला मत मागणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

तिच्या पाट्या गॅरेजच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नाडकर्णींच्या पाट्या गावभर लागल्या. त्यांवर ते कोट घालून, हाताची घडी घालून उभे होते, खाली मोठ्या अक्षरांत "अनुभव". वारा सुटला की अनुभव थडाथड वाजायचा.

सप्टेंबर आला. शेतांत मेंढ्यांची पिल्लं कारण नसताना उड्या मारू लागली. डेअरीवाल्याने, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने, दारात ताज्या शतावरीच्या जुड्या मांडल्या. हवेत ओल्या मातीचा आणि कांद्याच्या पातीचा वास. मी रोज फिरायला जायची आणि जिथे फूटपाथ संपतो तिथून परत फिरायची. मन प्रसन्न नव्हतं. कारण शोधायला गेले तर सापडेल, म्हणून शोधत नव्हते.

मग एका दुपारी पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर पत्रपेटीत मतपत्रिकेचं पाकीट आलं. इथे मत पोस्टाने देतात. पुष्कळ घरांत हे पाकीट न उघडताच कागदांच्या डब्यात जातं. आमच्याकडेही आधीच्या वेळी तसंच गेलं होतं. या वेळी मी चहा केला, चष्मा पुसला आणि ते पाकीट सुरीने नीट उघडलं.

तुम्हाला माहीत आहे, तुमच्या आजीने एकतीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर "सूचना काळजीपूर्वक वाचा" हे वाक्य माझ्या हाताखालून किती वेळा छापायला गेलं असेल, त्याचा हिशोब नाही. सूचना न वाचणाऱ्या मुलांबद्दल मी घरी येऊन तुमच्या आजोबांकडे चिडचिड करायची. त्या दुपारी मतपत्रिकेच्या माथ्यावर साध्या इंग्रजीत लिहिलेलं मी वाचलं. चार जागा. नऊ उमेदवार. जास्तीत जास्त चार नावांपुढे खूण करा.

चार खुणा. मी सुवर्णालाही मत देऊ शकत होते आणि नाडकर्णींनाही, आणि वर आणखी दोघांना. एकाचं मत दुसऱ्याच्या ताटातून जाणारच नव्हतं. आमच्या डोक्यात एक खुर्ची आणि दोन माणसं असं चित्र होतं. ते आम्ही येताना सामानातूनच आणलं होतं आणि कुणीही उघडून बघितलं नव्हतं.

चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात बावन्नला मी कोपऱ्यावर बसमध्ये चढले. सुवर्णाने "मॉर्निंग, काकू" म्हटलं, बाकी काही नाही. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं, म्हणून मी पाकीट मांडीवर ठेवून पुढच्या सीटवर बसून राहिले. पूर्ण फेरी. शाळेची मुलं उतरली, कांदे-बटाटे भरणाऱ्या पॅकहाउसमधल्या बायका उतरल्या, एक आजोबा कुत्र्याविषयी बोलत उतरले. शेवटच्या थांब्यावर तिने इंजिन बंद केलं आणि मागे वळली.

"हरवलात का काकू?"

"हो," मी म्हणाले आणि मतपत्रिका पुढे केली. "चार जागा आहेत, सुवर्णा."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अर्ज मी भरलाय. मला नाही माहीत असणार?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

ती स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिली. "सांगणारच होते. मग तुमच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, जागा चार असोत नाहीतर चाळीस, मी नकोच आहे तुम्हाला."

मुलांनो, खोटं बोलायला मला तिथे वाव होता. "छे छे, तसं काही नाही" हे वाक्य जिभेवर तयारच होतं. पण रिकाम्या बसमध्ये ते उच्चारवेना. मी म्हणाले, "मला वाटलं, बोर्डावर इंजिनिअर शोभेल. बस चालवणारी मुलगी... माझ्या मनात आलं होतं तसं. चुकलं माझं."

काचेवर पाऊस आला आणि गेला.

"शोभायला काय," ती शेवटी म्हणाली, "लग्नातला फेटा आहे का तो?"

आणि मग ती हसली. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा, पण ते मी चष्म्यावर ढकललं.

"शनिवारी याल का पाट्या लावायला? एकटीला जड होतात."

"येईन."

"नाडकर्णी काकांना कोण सांगणार?"

"ते माझ्याकडे लागलं."

नाडकर्णींनी माझ्यासमोर बसून सूचना वाचली, चष्मा काढून वाचली, मग उजेडात धरून वाचली. "म्हणजे," ते हळू आवाजात म्हणाले, "आपण त्या मुलीला उगाच...?" शनिवारी सकाळी ते ड्रिल मशीन घेऊन आमच्या आधी हजर होते.

त्यानंतरचे तीन आठवडे! इतकी मजा मी वयाच्या सत्तरीत करीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला सूचना वाचायला लावल्या असत्या. कांद्याच्या शेताच्या कुंपणावर आम्ही दोन्ही पाट्या शेजारी शेजारी लावल्या. शेत एका गुजराती म्हाताऱ्यांचं. त्यांच्या तीन पिढ्या या लाल मातीत राबल्या आहेत. त्यांना गुजराती सगळं कळतं आणि उत्तर ते इंग्रजीत देतात, अगदी तुमच्यासारखे. त्यांनी दोन्ही फोटो निरखून पाहिले आणि म्हणाले, "शी ड्राइव्ह्ज माय बस. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत झकास. नाडकर्णींनी, आपल्याबद्दलही काही म्हणतील, अशी थोडी वाट पाहिली.

आम्ही दारोदार गेलो. मी यादी केली होती, गल्लीवार, सम आणि विषम क्रमांक वेगळे. दारं उघडायची ती जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेली, हातात टोस्ट धरलेली, खांद्यावर बाळ घेतलेली माणसं. मी नमस्कार म्हणायची आणि ते "किया ओरा" म्हणायचे. सुवर्णा चर दाखवायची. बहुतेकांना चर ठाऊकच होता. पाकीट कुठे ठेवलंय ते ठाऊक नव्हतं. मी सोफ्यांच्या उशा उचलून पाकिटं शोधून दिली आहेत, आणि एकदा फ्रिजवरून.

उमेदवारांची ओळख करून देणारी संध्याकाळ गावाच्या सभागृहात झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि वेळ संपली की एक बाई पातेल्यावर डाव वाजवणार. नाडकर्णींनी मंचावरील मान्यवरांना वंदन करून सुरुवात केली. मंच नव्हता आणि मान्यवर म्हणजे ते स्वतः नऊ जण. वंदन संपेपर्यंत डाव वाजला. सुवर्णा उभी राहिली आणि म्हणाली, मी बस चालवते, सकाळी सात बावन्नला दार उघडते, आणि तुमची मुलं माझ्यासमोर चरात उतरतात. मला तो फूटपाथ पुरा करायचा आहे. थँक यू. अजून दोन मिनिटं शिल्लक होती. डाववाल्या बाईला काय करावं कळेना, म्हणून तिने टाळ्या वाजवल्या.

निकाल शनिवारी दुपारी आला. आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो, मी मटार सोलत होते. सुवर्णाने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मटारांचं भांडं उडालं. चौथी. चौथी म्हणजे आत. नाडकर्णी सहावे. त्यांचा फोन आला तेव्हा मी अजून गवतातून मटार वेचत होते.

"सबनीसबाई, मी पडलो. आभाराचं भाषण लिहून ठेवलं होतं, ते सुवर्णाला देऊ का?"

"तिला तीनच मिनिटं मिळतात."

"मग पहिलं पान देतो."

गोष्ट इथे संपली असती, पण या वर्षीचा हिवाळा मध्ये आला. बोर्डाच्या सभेत कुणाही नागरिकाला उठून बोलता येतं. मी नाव नोंदवलं, फूटपाथवर भाषण तयार केलं आणि समोर बोर्डाच्या खुर्चीत सुवर्णाला पाहून मनात म्हटलं, घरचंच काम. मी सुरेख बोलले. मुलं, ट्रक, पाऊस, सगळं आलं. मग सुवर्णाने कागद बाजूला केला आणि इंग्रजीत विचारलं, "मिसेस सबनीस, तुम्ही म्हणालात, बरीच माणसं चालतात. बरीच म्हणजे किती?"

मला माहीत नव्हतं. मोजलंच नव्हतं.

"मोजून आणाल का?"

बाहेर पार्किंगमध्ये तिने मला गाठलं. "रागावलात काकू?"

"सगळ्यांसमोर विचारलंस!"

"तुम्हाला सूट दिली असती तर उरलेले म्हणाले असते, हिची काकूच आहे ती. आकडा आणा. आकडा असला की मी टेबलावर हात आपटू शकते."

मी रागावले होते, पार्किंगमधल्या तिसऱ्या गाडीपर्यंत. पुढे चालताना मात्र मला इतका आनंद झाला की मला न्यायला आलेल्या अजितमामाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मला नापास केलं.

म्हणून सध्या तुमची आजी सकाळी साडेसातला त्या कोपऱ्यावर असते. नाडकर्णी दोन घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास आणतात. रस्त्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते. चार माणसं झाली की चार उभ्या रेघा, पाचवं आलं की आडवी. टेकडीवरून कोवळं ऊन उतरतं, वारा वहीची पानं उलटतो, आणि मुलं जाताना ओरडतात, "मॉर्निंग, आजी!" तीही मोजली जातात, ओरडली तरी एकदाच.

आज एक आई बाबागाडी ढकलत चरातून वर आली. चाकांना चिखल, आत लाल टोपीतलं बाळ.

"दोन," मी म्हणाले.

"एक!" नाडकर्णी रस्त्यापलीकडून ओरडले. "ते बाळ चालत नाहीये. आपण चालणारे मोजतोय."

"ते विमानाने आलंय का मग?"

"सबनीसबाई, व्याख्या म्हणजे व्याख्या!"

तेवढ्यात सात बावन्नची बस आमच्या मध्ये येऊन थांबली आणि दार उघडलं. सुवर्णाने आम्हा दोघांचं ऐकून घेतलं, बाबागाडीकडे पाहिलं, आणि बाळाला हात हलवला.

"धरा काकू," ती म्हणाली. "फूटपाथ होईपर्यंत चालायला लागेल तो."

दार मिटलं, बस गेली. मी रेघ मारली. पलीकडे नाडकर्णींनीही मारली, जराशी नाखुशीनेच.